येताना बोलू

माझे भावोजी, अनंत देवस्थळी, आयुष्यभर एकाच शब्दावर जगत आलेत. तो शब्द म्हणजे 'येताना'. नारळ हवाय? येताना घेऊ, उगाच ओझं कशाला वाहायचं. चपलेचा अंगठा तुटलाय? येताना शिवायला टाकू. लग्न झाल्यावर महाबळेश्वरला गेले तेव्हा माझ्या ताईला, सुनंदाला, वाटेत स्ट्रॉबेरीच्या टोपल्या दिसल्या. हे म्हणाले, येताना घेऊ. येताना दुकान बंद होतं. ताई अजून हे येईल त्या पाहुण्याला सांगते, आणि भावोजी अजून म्हणतात की इतके दिवस ती स्ट्रॉबेरी टिकलीच नसती.

कंजूष म्हणाल तर ते तसे मुळीच नाहीत. घाटकोपरच्या विमा कचेरीतून मुलुंडला परतताना त्यांच्या पिशवीत रोज काहीतरी असायचंच. पण जाताना त्यांचा सगळा जीव पोचण्यात अडकलेला असतो. काम उरकून तोंड घराकडे वळलं की मगच माणसाने हौस करावी, अशी त्यांची पक्की समजूत आहे. मला या समजुतीचा पहिल्यापासून राग येतो. तो मी कधी लपवलेला नाही.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, गंधालीला, जर्मनीत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी पेढे आणले. कचेरीतून येताना, अर्थात. मग महिनाभर दाखल्यांसाठी धावपळ केली, बॅगेची चाकं दुकानातच फिरवून पाहिली, लोकरीचे मोजे आणले. पण तिच्या जाण्याबद्दल म्हणून एक अक्षर बोलले नाहीत. 'तिकडे थंडी फार असते ना?' एवढंच.

गंधालीने एकदा माझ्याकडे तक्रार केली. "मामा, बाबाला मी जायला हवीय की नकोय, तेच कळत नाही यार. तो एकदा तोंडाने 'जा' म्हणाला ना, तर मी सुखाने जाईन. नाहीतर तिकडे बसून मला तेच खात राहणार."

"मग विचार की त्यांना सरळ."

"घरी कसं विचारू? आई लगेच रडायला लागते, आणि बाबा उठून गॅस बंद आहे का बघायला जातो."

म्हणून तिने पवनेच्या तलावाकाठचं एक लाकडी घर ठरवलं. निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही चौघं जाणार होतो, गाडी माझी. तिचा बेत तिने मला आधीच सांगून ठेवला होता. तलावाच्या जरा अलीकडे, रस्त्याला लागूनच एक जांभळाचं झाड आहे. खाली दगडी कट्टा आणि समोर सगळं पाणी. मित्रमैत्रिणींबरोबर ती तिथे बसून आली होती. मी गाडी थांबवायची, ताईला समोरच्या टपरीवर चहाला न्यायचं, आणि ती कट्ट्यावर बाबाशी बोलणार.

झाड आलं. मी गाडी हळू केली.

"बाबा, इथे बसू या ना जरा," गंधाली म्हणाली.

भावोजींनी खिडकीतून पाहिलं. त्यांनाही जागा आवडली, हे मला आरशात दिसलं. "झकास आहे," ते म्हणाले. "येताना थांबू. आत्ता ऊन आहे, आणि चावी ताब्यात घ्यायचीय."

गंधालीने माझ्याकडे बघून मान हलवली. राहू दे, म्हणाली.

ते लाकडी घर दिसायला देखणं होतं, पण भिंती इतक्या पातळ की पलीकडे कोणी पापड मोडला तरी ऐकू यावं. ताईने बरोबर थालीपिठाची भाजणी आणली होती. ती त्या इवल्याशा शेगडीशी भांडत बसली. भावोजी न्हाणीघराची कडी दुरुस्त करत होते. गंधाली पाण्याकाठी जाऊन बसायची, मागे वळून बघायची, पुन्हा समोर बघायची. तिथेही ती बोलू शकली असती, पण तिच्या डोक्यात कट्टा बसला होता. आणि बाबाने येताना थांबू म्हटलं होतं. शेवटी लेक त्यांचीच.

रविवारी परत निघालो. तलावाकडे येणाऱ्या गाड्यांची ही रांग लागलेली. फाट्यावर पोलीस उभा. त्याने आमची गाडी दुसऱ्याच रस्त्याला वळवली. "या बाजूने जायला बंद आहे, मागच्या रस्त्याने जा," एवढंच म्हणाला. मी हुज्जत घातली, पण मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. ते झाड डोंगरापलीकडे राहिलं.

बऱ्याच वेळाने भावोजी म्हणाले, "अरे, ते थांबायचं राहिलंच."

विमानतळावर ताईने डबीतून आणलेलं दही गंधालीच्या हातावर घातलं आणि नेहमीचं बजावलं, "जाते म्हणू नकोस. येते म्हण."

"येते," गंधाली म्हणाली. माझ्या पाया पडली, ताईच्या पडली. भावोजींच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. "गंधाली, मला जरा बोलायचं होतं..."

आत रांग वाढत होती. तिने तिकडे पाहिलं आणि हात हळूच सोडवून घेतला. "येताना बोलू, बाबा."

टोमणा नव्हता तो. आमच्या घरातली ती बोलायची रीतच आहे. ताईला तर रडता रडता हसू आलं. भावोजी हसले नाहीत.

गंधाली शिकली, तिला तिथेच नोकरी लागली. मध्ये एकदा चुलतबहिणीच्या लग्नाला आली. ते दिवस मेंदी आणि पाहुण्यांत गेले आणि बोलणं पुन्हा राहिलं. भावोजी निवृत्त झाले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "मिहिर, त्या झाडापाशी नेशील?"

दोघंच गेलो. लोणावळ्यात त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि चिक्की घेतली. मी गमतीने म्हटलं, "भावोजी, येताना घेतली असती की."

"नको," ते म्हणाले.

कट्टा होता तसाच होता. ते बसले, चष्मा पुसला, आणि तिला फोन लावला. पाणी दाखवलं, झाड दाखवलं. मी शेजारीच होतो.

"अगं, तेव्हा बोलायचं राहिलं," ते म्हणाले. "तू जावंस असं मला मनापासून वाटत होतं. तू गेल्यावर घरात करमणार नाही, याची भीती वाटायची, म्हणून बोललो नाही. पण जा, असं म्हणायचं होतं."

पडद्यावर तिचं चित्र थिजल्यासारखं झालं. मला वाटलं, रेंज गेली.

"बाबा," ती म्हणाली, "आता कशाला 'जा'? मी तर कधीच गेले."

इतक्या वर्षांत त्या घरात 'गेले' असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भावोजींनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"हो," ते म्हणाले. "मग ये."

"बघू, बाबा," गंधाली म्हणाली.