यमुनाबाईची खूण

आमची यमुनाआत्या कुणाला घाबरत नसे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे "बाईमाणूस लोहाराकडे कशी गेली" असले प्रश्न नकोत. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर तिची स्वतःची होडी होती. नवरा दर्यात गेला तेव्हा दिरांनी होडी विकायचा विषय काढला, तर तिने त्यांनाच विचारलं, "आनि मी काय तुमच्या चुलीकडे बसान रवू?" दीर पुन्हा त्या विषयाकडे फिरकले नाहीत. होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून तिचा मुलगा महादू जायचा आणि मासळी ती स्वतः बाजारात विकायची. कुणी सुरमईचे कल्ले फार वेळ उचकटत बसलं की म्हणायची, "बघ बाबा, बघ! झाला बघून की माझे पन दात मोज!"

आमच्या वाडीत तेव्हा प्रत्येक घराची एक खूण असे. दर्यावर जाईल त्या प्रत्येक वस्तूवर ती खूण कोरायची: वल्हं, नांगर, डोलकाठी, जाळं तरंगत ठेवणारे बोये, अगदी पाण्याचं पिंपसुद्धा. आत्याच्या घराची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक उभी. खूण असलेली वस्तू दर्या धन्याला परत देतो, बिनखुणेची ठेवून घेतो, असं सगळे मानत. आता लोखंडाचा नांगर तरंगत कसा परत येणार, हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. तेव्हापासून मीही मानू लागले.

चौसष्ट साली आत्याच्या होडीला इंजिन बसलं. वाडीत पहिलंच! माणसं ते बघायला अशी जमली की जणू नवरीच आलीय. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा लांब, गोल, चकचकीत पोलादी दांडा होता. त्याला सगळे शाफ्ट म्हणायचे. आत्याने तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "ह्येच्यार खूण खंय आसा?"

खूण कशी असणार? लगेच गणपत लोहाराला बोलावलं. घरच्या धन्याने छिन्नी धरायची आणि लोहाराने हातोडा घालायचा, ही रीत. आत्याने छिन्नी धरली. पंख्याच्या जरा अलीकडे, सगळ्यांना दिसेल अशी खूण उठली. नारळी पौर्णिमेला म्हाताऱ्या गुणाजीने होडी सांभाळ म्हणून दर्याला गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हटलं आणि होडी फटफट करत निघाली. आत्या वाळूत उभी राहून बघत होती. तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

दिवाळी व्हायच्या आत शाफ्ट तुटला. निवतीच्या खडकांसमोर इंजिन नुसतंच गरगरू लागलं आणि पंखा गप्प. होडी खडकांकडे ओढली जाऊ लागली. देवगडच्या एका शिडाच्या होडीने वेळेवर दोर टाकला, म्हणून महादू घरी आला. वाडीत एकच बोलणं: नजर लागली. गुणाजी म्हणाला, "खूण बरी उठाक नाय. दर्याक दिसली नाय ती."

आणि आमच्या शहाण्या आत्याने हे ऐकलं! दुसरा शाफ्ट आला तेव्हा तिने गणपतला सांगितलं, "दोन ठोके जास्ती घाल. खोल जावदे." खूण अशी खोल उठली की तिच्यात नख रुतायचं. तो शाफ्ट शिमग्यापर्यंतही टिकला नाही. त्या वेळी वारा जमिनीकडचा होता म्हणून होडी खडकांवर न जाता बाहेर भरकटली. सगळी वाडी किनाऱ्यावर जागी होती. वेंगुर्ल्याच्या होड्यांनी तिला तिकडे ओढून नेलं; दुसऱ्या दिवशी तिथून महादू बसने परत आला तेव्हा आत्याने त्याला जवळ घेतलं नाही, फक्त म्हणाली, "शाफ्ट खंय आसा? माका दाखव."

बाकीचे इंजिनाला शिव्या घालत होते. आत्या दोन्ही तुटके शाफ्ट अंगणात मांडून बसली. ते तुटले होते ते अगदी खुणेच्या आडव्या रेघेवर. एकदा नाही, दोन्ही वेळा. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट आणि गुळगुळीत होता. ओहोटी वाळूवर सोडून जाते तशा बारीक वळ्या त्याच्यावर होत्या, आणि त्या सगळ्या खुणेच्या कडेपासून सुरू होत होत्या. उरलेला अर्धा भाग ताजा, खरखरीत. मासळी आजची की परवाची हे लांबूनच ओळखणारी बाई ती. मला म्हणाली, "जानके, ह्या एका दिसात तुटाक नाय गो. ह्या कधीपासून आतल्या आत फाटत होता."

मला तेव्हा जाळ्याचे नवे प्लास्टिकचे बोये आठवले. लाकडाच्या बोयांवर कोरलेली खूण वर्षानुवर्षं राहायची. प्लास्टिकच्या बोयांवर आत्याने सुरीच्या टोकाने खूण केली आणि ते एकामागून एक तडकले, तेही नेमके रेघेवरून. ज्यांच्यावर खूण करायची राहून गेली होती ते ठणठणीत होते. आम्ही प्लास्टिकलाच "नासको माल" म्हणून मोकळे झालो होतो. मी हे बोलले तेव्हा आत्याने पदर खोचला आणि चालायला लागली. मी मागोमाग.

गणपत लोहार तेव्हा खिडक्यांच्या गजांसाठी सळया तोडत होता. सळई तोडायची त्याची पद्धत सगळ्या गावाने हजार वेळा पाहिलेली: छिन्नीने एक खाच पाडायची, सळई ऐरणीच्या कडेवर ठेवायची, एक ठोका. टक्! दोन तुकडे. आत्या दारातच थांबली.

"गणपता, खाच पाडल्याशिवाय मार बघया."

"तशी तुटाची नाय ती, यमुनाबाय. वाकतली."

"खाच पाडली काय?"

"काय म्हंजे? सगळो जोर थंयच जाता. मग तुटता." असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

"शिरा पडली माझ्या तोंडार! माझ्याच पोराच्या जिवार मी खाच पाडून दिलंय रे! एकदा नाय, दोनदा!"

गणपत म्हणाला, "छिन्नी तुमी धरलास, पन ठोको माझो होतो."

"मग दोघांकय अक्कल नाय," आत्या म्हणाली. ती अशीच. रडायचं ते एका वाक्यात रडून घ्यायची आणि पुढच्या वाक्यात कामाला लागायची.

तिसरा शाफ्ट आला तेव्हा तिने सगळ्या वाडीसमोर सांगून टाकलं: ह्याच्यावर खूण होणार नाही. वल्ह्यांवर होईल, नांगरावर होईल, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, हवी तर हातभर मोठी होईल, शाफ्टावर नाही. काय गदारोळ झाला! गुणाजी म्हणाला, बिनखुणेच्या होडीसाठी मी गाऱ्हाणं घालायचा नाही. आत्या म्हणाली, "नको घालू. दर्याक माझी भाषा कळता." महादू मात्र मागच्या मागे निघून गेला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शाफ्ट बसवायच्या सकाळी आत्या तो मांडीवर आडवा घेऊन बसली आणि अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवू लागली. एक ओरखडाही नको होता तिला. पंख्याच्या टोपीखाली झाकल्या जाणाऱ्या जागेच्या जरा अलीकडे नख अडलं. तिने शाफ्ट उन्हात धरला. दोन आडव्या रेघा, एक उभी. बारीक, घाईघाईत केलेली.

"गणपता, तू केलंस?" अवजारांची पिशवी घेऊन आलेल्या गणपतला तिने विचारलं.

"मी केलंय," महादू म्हणाला.

मला वाटलं आता ती हातोडा घेऊन उठते. पण महादू, तो एवढा थोराड तांडेल, ओठ चावत उभा होता. "आये, दर्यावर तू नाय जाणस, मी जातंय. खूण नाय तर दर्या माका कसो वळखतलो? बाबा बुडलो तेव्हा त्याचा वल्ला वेंगुर्ल्याक लागला. खूण होती म्हणान त्या लोकांनी आमच्याकडे आणून दिला. खूण होती म्हणान तो परत इला!"

 आत्याने शाफ्ट मांडीवरून खाली ठेवला.

"वल्ला इला रे," ती म्हणाली. "बापूस खंय इलो तुझो? माका खूण नको महादू. माका तू होयो."

महादू खाली बसला. गणपतच्या पिशवीतली कानस त्याने स्वतःच काढली आणि घासायला लागला. "नुसती रेघ काढू नको," गणपत हळूच म्हणाला, "आजूबाजूनय घे. जरा खोलगट झाला तरी चलात, पन कड ऱ्हवता नये." महादू घासत होता आणि आत्या त्याच्या शेजारी बसून पुन्हा पुन्हा नख फिरवत होती. तीन वेळा तिने "अजून" म्हटलं. नख कुठेच अडेना, तेव्हाच तिने त्याला उठू दिलं.