‘येतो’ म्हणून गेलेला रखवालदार

जळगावच्या एका बियाण्याच्या कंपनीत कपाशीचं मूळ बियाणं जिथे ठेवत, त्या खोलीच्या दारावर पितांबरनाना बावीस वर्षं रखवालदार होते. रखवालदार कसले, यजमानच! कोणी आलं की दार धरून “या अक्का, या भाऊ” म्हणायचं, पोराबाळांची चौकशी करायची आणि मगच आत सोडायचं. माणसाच्या तोंडावर दार बंद करणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

पंचाण्णव साली बियाण्याची एक पिशवी नाहीशी झाली आणि त्या दारावर कार्ड घासायची दोन यंत्रं आली. एक बाहेर, एक आत. येताना बाहेरच्या यंत्रावर कार्ड घासायचं, जाताना आतल्यावर. एक कार्ड, एक माणूस. जो कार्ड न घासता दुसऱ्याच्या पाठोपाठ सटकला, त्याला दुसऱ्या दिवशी दार उघडतच नसे, कारण यंत्राच्या लेखी तो अजून आतच. यंत्राला माणूस ओळखू येत नाही, बिचाऱ्याला फक्त येणं-जाणं कळतं.

रोज सकाळी दारात तंटा. एकेचाळीस माणसं आत गेलेली, बाहेर पडल्याची नोंद बारा जणांचीच. बायका तर उघड्या दारातून एकीमागे एक निघत, आणि दार धरायला नाना होतेच.

मॅनेजर लीलाधर वयाने लहान, पण कडक शिस्तीचा. तो म्हणाला, “नाना, भीड भिकेची बहीण. शनिवारी आकडा जुळला नाही, तर तुम्हाला नरडाण्याच्या गोदामावर पाठवावं लागेल.”

नरडाण्याच्या गोदामात पोती होती आणि उंदीर होते. बोलायला कोणी नव्हतं. नोकरी तीच राहणार होती, पण हे दार गेलं तर आपल्याजवळ उरलं काय, असं नानांना खरोखर वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मन घट्ट केलं आणि दार धरलं नाही. बियाणं निवडणारी द्रौपदाबाई, चोपड्याकडची, आतल्या यंत्रापाशी कार्ड पदराखाली धरून उभी राहिली.

“घासा ना अक्का.”

“नही घासाव, नाना. त्यावर ‘जातो’ लिखेल शे. घर निंघताना कोनी ‘जातो’ म्हनस का? ‘येतो’ म्हनतस.”

नानांनी कपाळावर हात मारून घेतला. लीलाधरने यंत्रांवर पाट्या लावल्या होत्या, बाहेर ‘आलो’ आणि आत ‘जातो’. व्याकरण चोख, पण ‘जातो’ म्हणून घराबाहेर पाऊल टाकणारा माणूस अख्ख्या खानदेशात दाखवून द्यावा! आणि ही एवढी गोष्ट अठरा वर्षं दारात बसलेल्या माणसाला सुचू नये?

पोत्यांवर नाव घालायची शाई आणि ब्रश त्यांनी आणला, ‘जातो’ खोडलं आणि त्यावर ठसठशीत ‘येतो’ लिहिलं. द्रौपदाबाईने वाचलं, हसली, कार्ड घासलं. तिच्यामागे बाकीच्या, एकेक करून.

शनिवारी एकेचाळीस आत, एकेचाळीस बाहेर. कॉम्प्युटरवर ‘आत : शून्य’.

“बाहेर जायच्या यंत्रावर ‘येतो’?” लीलाधर म्हणाला. “लोक हसतील, नाना.”

“हसू द्या, साहेब. आकडा जुळला ना?”

नरडाण्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. नाना चार वर्षं त्याच दारात सुखाने बसले. आता ते दार धरत नसत, पण चौकशी मात्र सगळ्यांची करत. खानदेशातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राजवळ इतक्या गप्पा झाल्या नसतील.

निवृत्तीच्या दिवशी टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला. सकाळी येताना घासलेलं आपलं कार्ड नानांनी जाताना न घासताच स्टुलावर ठेवलं. द्रौपदाबाईने तिचं कार्ड घासलं, दार उघडलं, आणि चार वर्षं सगळ्यांना कार्ड घासायला लावणारा हा माणूस तिच्या पाठोपाठ चोरासारखा बाहेर सटकला. वळून म्हणाला, “येतो.”

दिवस मावळताना लीलाधरने यादी बघितली. ‘आत : १. पितांबर.’ नाव पुसायला एक बटण पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी नव्या रखवालदाराने विचारलं, “साहेब, हा एक माणूस आतच दाखवतोय. काढून टाकू?”

“राहू दे,” लीलाधर म्हणाला. “ते ‘येतो’ म्हणून गेलेत.”