कंट्रोल, ऑल्ट आणि बाबांची हाक

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. बडोद्यात, वाडी नावाच्या भागात मी कॉम्प्युटर क्लास चालवते. मशीन आपोआप काही करत नाही, हे रोज घसा कोरडा करून शिकवते!

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची वाचा आणि उजवा हात, दोन्ही गेली. माउस जमेना, म्हणून मी त्यांना शॉर्टकट लावून दिले. कंट्रोल-ऑल्ट-पी दाबलं की पेपर, जी दाबलं की गाणी... आणि ए दाबलं की त्यांचीच जुनी हाक, घरच्या एका व्हिडिओतून काढलेली – "अगं, ऐकलंस का? ये जरा!" आईला त्यांनी जन्मात नावाने हाक मारली नव्हती. एका हाताने तीन बटणं एकदम दाबता येईनात, म्हणून एकेक दाबलं तरी चालेल अशी सोय केली. पहिल्या दोन बटणांना टुक... टुक... वाजायचं, मग हाक. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ओ, आले!"

बाबा गेल्यावर आई दिवसभर तेच दाबत बसायची. जेवण सुटलं. आता हीही जाणार, अशी मला धास्ती बसली. शेवटी मी सगळं पुसून नवं विंडोज टाकलं, कीबोर्ड माळ्यावर ठेवला. हळूहळू आई जेवू लागली.

एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. आतून आलं – टुक... टुक...

"अगं, ऐकलंस का? ये जरा!"

मी आईचा हात घट्ट धरला. "ओ देऊ नकोस!" गेलेल्यांच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे लहानपणी मला तिनेच शिकवलेलं.

"सोड ने गं. केव्हाचे थांबलेत," ती म्हणाली. लाजून हसली. "ओ, आले!"

मी धावत आत गेले. कॉम्प्युटर बंद होता. कीबोर्ड माळ्यावरच.

त्याच रात्री आई झोपेत गेली. मी अजून सावरलेले नाही.

रिपेअरवाल्याने मशीन उघडून पाहिलं. "बेन, आमां तो कशुं ज नथी." यात काहीच नाही – हाकेची फाईल नाही, शॉर्टकट नाही. कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकला.

काल दुपारी कुकर लावत होते. आतल्या रिकाम्या खोलीतून आलं – टुक... टुक...

त्या हाकेत कुणाचंच नाव नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. ओढणीने तोंड दाबून मी तिथेच उभी राहिले.

हाक अजून आलेली नाही.