लेकीची गेमची वही

मी खामगावच्या एका शाळेत मराठी शिकवतो. पालकसभेत मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलायचं काम दरवर्षी माझ्याकडेच येतं. तीन वर्षांपूर्वी त्या भाषणासाठी मला घरातच मसाला सापडला. माझी मुलगी तेव्हा आमच्याच शाळेत दहावीला होती. व्हिडिओ गेम खेळून झाले की त्यांच्याबद्दल ती एका वहीत लिहायची. ती वही मी न विचारता उचलली आणि सभेत, नाव न घेता, एक ओळ वाचून दाखवली: "आज मी एकविसाव्यांदा मेले आणि फार बरं वाटलं."

पालक हळहळले, काही हसले. मुलगी मैत्रिणींसोबत स्वयंसेवकाचा बिल्ला लावून दाराशी उभी होती. त्याआधी ती निबंधाचं पहिलं वाक्य मला ऐकवल्याशिवाय दुसरं लिहीत नसे. त्या दिवसानंतर तिने मला आपलं काहीही दाखवलं नाही.

आता ती अमरावतीला शिकते. यंदाची सभा जवळ आली तेव्हा मी ती वही पहिल्यांदाच सुरुवातीपासून वाचली. त्या ओळीपुढे लिहिलं होतं: "कारण चूक माझी होती, गेमची नव्हती. चांगला गेम हरवतो, पण फसवत नाही." ते परीक्षण होतं. वर्गात 'संदर्भासह स्पष्टीकरण' घोटून घेणाऱ्या माणसाने पोटच्या मुलीचं वाक्य संदर्भ तोडून वाचलं होतं.

मग शाळा सुटल्यावर तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी नवे गेम खेळू लागलो. गोळीबाराच्या गेममध्ये आवाज असा की मान आपोआप वळते. पण पडलेला माणूस क्षणात नाहीसा होतो, त्याला उचलायला कुणी येत नाही. ते मला खोटं वाटलं. मोबाईलवरच्या एका फुकट गेममध्ये फळं फोडण्यापेक्षा जाहिराती बघण्यातच जास्त वेळ गेला. तिथे माझं जुनं भाषण खरं होतं. आणखी एकात रिकाम्या घरात फिरून हरवलेल्या मुलीच्या चिठ्ठ्या वाचायच्या होत्या. सगळ्यांनी वाखाणलेला गेम. पण तो आपल्याला दुसऱ्याचे खण उघडायला लावतो आणि त्याला माया म्हणतो. मी अर्ध्यातच लॅपटॉप मिटला.

रविवारी मुलीला फोन केला. माझं बालपण संग्रामपूरकडे भाजीच्या मळ्यात गेलेलं, म्हणून बोलण्याची सुरुवात नुकत्याच खेळलेल्या शेतीच्या गेमने केली.

"काही खरा नाही तो. टमाट्यावर कीडच पडत नाही."

"किती खेळले बाबा?"

"तीनेक दिवस."

"मंग कशी दिसन? कीड दुसऱ्या वर्षी येते त्यात. तुम्ही काऊन नेहमी अर्धवट वाचून बोलता हो?"

मी म्हणालो, "सभेत तेच केलं मी. चुकलो, बाई."

"मैत्रिणींनी वाक्य ओळखलं होतं माह्यं," ती म्हणाली. "वर्षभर 'एकवीस' म्हणत होत्या मले. तुमाले माहीतच नाही."

खरंच माहीत नव्हतं. त्याच शाळेत, दोन वर्ग पलीकडे, मी रोज शिकवत होतो.

"यंदा सभेत सांगू हे?"

"सांगा. पण वही घरीच ठेवा."

मी सांगितलं. वही कुणाची होती, पुढे काय लिहिलं होतं, सगळं. मागून एक बाप उठला. "ते ठीक हाय सर, पण पोराले मोबाईल द्याचा का नाही, तेवढं सांगा ना!" सगळे हसले. मी म्हणालो, "तेवढं मले सांगता येत नाही. तो काय खेळते, ते एक डाव बाजूले बसून पाहा." मुख्याध्यापकांना हे उत्तर आवडलं नाही. ते अपुरं होतं, हे मलाही कळत होतं.

घडलेलं सगळं मी मुलीला लिहून पाठवलं. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी मोबाईलवर लांबलचक मजकूर आला: दोघांनी मिळून खेळायच्या एका नव्या गेमबद्दलचं तिचं मत. माफीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मी ते शेवटपर्यंत वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं, आणि मगच तिला एक शंका विचारली.