बेगम गेली आणि अप्पांना तोंड फुटलं

तूर भरडली की डाळ वॅगनमध्ये बसून मुंबईला जाते आणि चुरी-भुसा इथंच राहतो. आमच्या गुलबर्ग्याच्या अडत बाजाराचं तसंच झालं. माल गेला, भाव गेले, निजामाचं राज्यही गेलं. किस्से तेवढे माझ्याकडं साठून राहिले. त्यातले निम्मे आमचे मालक संगणप्पा यांचे आणि उरलेले त्यांच्या मांजरीचे!

मी त्या दुकानात गुमास्ता होतो. राजेश्वर गावचा म्हणून मालक मला "ए राजेसूर!" अशीच हाक मारत. बाकी स्टाफ म्हणजे हमाल मारुती, आणि स्टाफ नसूनही दिवसभर आमच्याच गादीवर बसणारे दलाल रहीमभाई. दुकानामागंच मालकांचं घर. मधल्या दाराआड मालकीणबाई उभ्या असायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत आणि मालकांना अप्पा.

अप्पा माणूस वाईट नव्हता. फक्त कुणाला चांगलं म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा गोदामाला आग लागली. मारुतीनं ओलं गोणपाट अंगावर घेतलं, आत शिरला, पोती बाहेर ओढली आणि भुवया जाळून घेतल्या. आग विझली. सगळा बाजार अप्पांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. आता तरी काही बोलतील!

अप्पांनी पोती चाचपली आणि म्हणाले, "तीन पोती भिजवलास की रं!"

*

बेगम म्हणजे आमची करडी मांजर. तिची चाल बघून रहीमभाईंनी हे नाव ठेवलेलं. अप्पा दिवसभर तिच्या नावानं खडे फोडत. "फुकट खायलीस! दूध काय तुझ्या बापाचं हाय?"

हे ते म्हणत तेव्हा ती त्यांच्याच मांडीवर असायची. पाय अवघडून मुंग्या आल्या तरी अप्पा उठायचे नाहीत, आणि तिची झोप मोडू नये म्हणून ओरडायचेसुद्धा हळू आवाजात! दूध अर्थात अक्का घालायच्या. त्याबद्दलही अप्पा अक्कांवर ओरडत. तिथं मात्र आवाज मोठा.

*

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार हात पुढं करत, वर रुमाल टाकत आणि आतल्या आत बोटं दाबून सौदा ठरवत. बघणाऱ्याला फक्त हलणारा रुमाल दिसायचा.

एकदा हैदराबादचा एक चिवट खरेदीदार आला होता. रुमालाखाली बराच वेळ दाबादाबी चालली. एकाएकी त्यानं अंग चोरलं, अप्पांकडं भेदरून बघितलं आणि म्हणाला, "बस्स, बस्स! मंजूर!"

अप्पांना कळेना, कारण त्यांनी बोट हलवलंच नव्हतं. रुमाल उचलला तर खाली तीन हात! दोन माणसांचे आणि एक मांडीवरच्या बेगमचा, नखं बाहेर काढलेला.

रहीमभाई लोळून लोळून हसले. खरेदीदार बिचारा शब्दाचा पक्का, चढ्या भावानं माल घेऊन गेला. त्या दिवशी तरी बेगमला शाबासकी मिळावी की नाही? अप्पांनी तिला दोन्ही हातांनी उचलून तोंडासमोर धरलं आणि विचारलं, "मग सकाळच्या सौद्याला कामून निजलीस?"

*

एका उन्हाळ्यात बेगम गेली. म्हातारीच झाली होती. सकाळी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर वेटोळं करून पडलेली. "ऊठ की, फुकटे," म्हणत अप्पांनी हात लावला आणि हात तसाच ठेवला. गोदामामागच्या लिंबाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला. मारुती कुदळ घ्यायला गेला तर त्याला दिली नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी कुणालाच शिवी दिली नाही, त्यामुळं आमचं कामात लक्ष लागेना.

बातमी पसरली. अप्पांशी ज्याचं ज्याचं काही अडलेलं होतं, तो तो मांजरीच्या मौतीला हजर झाला! जे तिला पायानं ढकलत होते त्यांना तिचे गुण आठवू लागले. शेजारचे अडते शिवलिंगप्पा तर उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "माझ्या लेकीसारखी होती, अप्पा."

अप्पा म्हणाले, "व्हय. मागल्या साली तू तिला पाव शेराचं वजन फेकून मारलास. तीन पायांवर घरला आली. वजन मी उचलून आणून तोललो."

शिवलिंगप्पांचं उपरणं डोळ्यांवरच राहिलं.

"ते बी कमी भरलं," अप्पा म्हणाले.

*

तेरावा कुणी घातला नाही, पण उंदरांनी जेवणावळ सुरू केली. पोती कुरतडली, सुतळी खाल्ली, अप्पांच्या गादीत पिल्लं घातली. दिवसाढवळ्या तराजूच्या पारड्यात बसून उंदीर आमच्याकडं बघू लागले. रहीमभाईंनी कुठूनसा एक दांडगा बोका आणला. "खानदानी है अप्पा! इसके बाप-दादे शिकारी!"

शिकाऱ्यानं गोदामात पाऊल टाकलं, समोरची फौज बघितली आणि सरळ आढं गाठलं. मारुतीनं शिडी लावून त्याला उतरवलं तेव्हा तो मारुतीच्या मानेला गच्च मिठी मारून बसला होता.

अप्पा फाटक्या पोत्याशी उकिडवे बसले. "राजेसूर, ह्ये समदं ती एकली सांभाळत होती व्हय?"

मी म्हटलं, "व्हय अप्पा."

"आन् मी तिला फुकटी म्हणायलो." त्यांनी पोत्याचं भोक तळहातानं झाकलं. "एक डाव बी शाबास म्हटलो न्हाई रं. गेल्यावर कळून काय उपेग? आता जे जिते हैत, त्यांना तरी बोलायचं."

आमच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं काय वाढून ठेवलंय याची कुणाला कल्पना असती तर आम्ही तिथंच त्यांचं तोंड दाबलं असतं!

*

पहिला बळी मारुती. तो पोतं पाठीवर घेऊन चालला होता. अप्पांनी त्याला अडवलं. "मारुती, तुझे लई उपकार हैत माझ्यावर. तू हाईस म्हणून दुकान हाय."

मारुतीचा चेहरा पांढरा पडला. पोतं खाली ठेवून तो तडक घरी गेला. घटकाभरात बायको, आई आणि लेकरं घेऊन परत आला. बायकोनं थेट अप्पांचे पाय धरले. "चुकलं असंल तर मारा, पर कामावरून काढू नका!"

"अगं बाई, मी चांगलं बोललो त्याला!"

"तेच की! काढायचं नसंल तर चांगलं कामून बोलायलाव?"

शेवटी अप्पांना सगळ्यांदेखत तीन भिजलेल्या पोत्यांवरून मारुतीची आई-माई उद्धारावी लागली. खुद्द आई समोर बसून समाधानानं ऐकत होती. मारुती हसला आणि पोतं उचललं.

संध्याकाळी मधल्या दारातून अक्कांनी मला हाक मारली. धाकट्या भावासारखं त्या मला तम्मा म्हणत. "तम्मा, आज कुणाला बोलले?"

"मारुतीला, अक्का."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

मग आजार वाढला. अप्पांनी न्हाव्याला धन्यवाद दिले, भिश्त्याला दिले. स्टेशनवर वॅगन वेळेवर आली म्हणून इंजिनासमोर हात जोडले. रहीमभाईंना म्हणाले, "तुमी रोज इथं बसून आमचा च्या पिताव, लई बरं वाटतंय." रहीमभाई दोन दिवस फिरकले नाहीत.

रोज संध्याकाळी अक्कांचा तोच प्रश्न. मी नावं सांगायचो. त्या "बरं" म्हणायच्या. पुढं पुढं मला त्यांच्याकडं बघवेना. लग्न होऊन आल्यापासून ती बाई त्या माणसाच्या भाकरी थापत होती. इंजिनाची पाळी येऊन गेली, तिची आली नव्हती.

*

वजनं तपासायला एक अंमलदार येत असत. तपासणी म्हणजे काय, हे बाजाराला ठाऊक होतं. त्या वर्षी ते आले, भर चौकात खुर्चीवर बसले आणि अप्पांना नेमका उमाळा आला. हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाले, "सायेब, दरसाल दोन पोती डाळीवर भागवताव. तुमचे उपकार कुठं फेडू?"

साहेब खुर्चीत आक्रसले. तेवढ्यात समोरून शिवलिंगप्पा ताडकन उठले. "दोन? मग माझ्याकडून चार कामून नेताव?"

साहेब काही बोलायच्या आत अप्पांनीच समजूत घातली. "तुझी वजनं कमी हैत म्हणून रं!"

*

त्याच संध्याकाळी अप्पा मधल्या दाराशी जेवायला बसले होते. पुढ्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आम्ही तिघं दुकानात आवराआवर करत होतो. साहेबांचा किस्सा घरात पोचलेला होताच. अक्का वाढता वाढता थांबल्या.

"त्या लाचखाऊला बी बोललाव म्हणं?"

अप्पा चटणीत बोट फिरवत राहिले.

"मांजर मेल्यावर तिचे गुण आठवले. मी मेल्यावर माझे बी आठवताल. बाजार गोळा करून रडताल. मला ऐकू येतंय तवर बोला की."

अप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. न्हावी, भिश्ती, इंजिन, अंमलदार, सगळ्यांपुढं भडाभडा बोललेला माणूस! कपाळावर घाम आला, पण शब्द फुटेना. मारुतीनं केरसुणी खाली ठेवली. मला वाटलं, आता चटणी तिखट झाली म्हणतात की काय.

अप्पांनी हात धुतला. खांद्यावरचा रुमाल काढला. उजवा हात अक्कांपुढं केला आणि वर रुमाल टाकला.

अक्कांनी जन्मभर दाराआडून बाजार बघितला होता. त्यांनी पदराला हात पुसला आणि रुमालाखाली घातला.

रुमाल हलत होता. लांबून नुसता चेहरा बघून भाव ओळखणारे आमचे रहीमभाई, पण त्यांनी त्या वेळी मान फिरवली.

बऱ्याच वेळानं अक्का बोलल्या.

"एवढ्यात परवडत न्हाई. वाढवा."

रुमाल पुन्हा हलला.