डिकीतली सवत

लग्नाआधी मी गाणं शिकत होते. लग्नानंतर पेणकरपाड्याजवळच्या आमच्या वन रूम किचनमध्ये गायची सोयच नव्हती. बाहेरच्या खोलीत सासूबाई पडलेल्या असत, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू असे, आणि मी नुसतं गुणगुणले तरी कुणीतरी "काय, आज खुशीत?" असं विचारी. त्यामुळे ह्यांनी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा मला खरा आनंद झाला तो काचा वर करता येतात याचा.

महिन्यातून दोन रविवार आम्ही वसईला माझ्या माहेरी जात असू. गाडीत कंपनीनं बसवलेला टेप होता, पण त्याचा आवाज डब्यात माशी कोंडल्यासारखा यायचा. वरसाव्याच्या पुलाशी ट्रकांची रांग लागली की हे वैतागून तो बंद करत आणि म्हणत, "जाऊ दे हे. तू म्हण." मग मी म्हणायची. पूल संपेपर्यंत एक गाणं व्हायचं, रांग मोठी असली तर दोन. ह्यांना सुरातलं फार कळत नसे. पण मला 'तू म्हण' म्हणणारं त्या काळात दुसरं कोणीच नव्हतं.

नव्वदच्या दशकात मीरा रोडला ज्याच्याकडे गाडी आली तो तिला काही ना काही बसवून घेत होता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेठनी आधी अॅम्प्लिफायर आणि वूफर बसवले. त्यांच्या गाडीत गाणं लागलं की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या थरथरत, आणि हे हातातला पेपर खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका शनिवारी आम्ही दोघं स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. कंपनीचा टेप तसाच ठेवायचा, त्याच्या मागून वायरी काढायच्या, सीटखाली अॅम्प्लिफायर आणि डिकीत दोन वूफरची काळी पेटी, असं ठरलं. काम संपल्यावर दुकानदारानं कॅसेट लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भाभीजी, अब सुनाई देगा असली गाना."

म्हणजे आत्तापर्यंत त्या गाडीत जे झालं ते नकली. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे डोळे मिटून बसलेले. कॅसेटवर एक बाई गात होती. "ऐक ना," ह्यांनी माझा हात दाबला, "तिनं श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मीही शेजारी बसून श्वासच घेत होते की.

तेव्हापासून पुलावर ती गाऊ लागली. रांग कितीही लांब असो, ह्यांना वैताग म्हणून येईना. मी घसा खाकरून पाहिला, काच वर करून पाहिली. एकदा तर सरळ तिच्याबरोबर म्हणायला लागले, तेव्हा हे अगदी प्रेमानं म्हणाले, "थांब हं, एवढा तुकडा ऐकू दे." मला तिचा हेवा वाटत होता. साधासुधा नव्हे, जेवण गोड लागू नये असा. तिला सर्दी होत नव्हती, ती दमत नव्हती, तिला घरी जाऊन कुकर लावायचा नव्हता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. वर डिकी सगळी तिनं अडवलेली, त्यामुळे आईनं दिलेला केळ्यांचा घड परतीच्या वाटेवर माझ्या मांडीवर.

"यंत्रावर कसली जळतेस गं?" आई हसायची.

"यंत्रावर नाही, त्या बाईवर," मी सांगायची. आईला वाटे, मी थट्टा करतेय.

असं वर्ष गेलं. मग एका रविवारी माझ्या भावानं "भावोजी, ऐकवा तरी" म्हटलं, आणि ह्यांनी आमच्या अंगणात गाडी उभी करून डिकी उघडली. आळीतली माणसं जमली. हे प्रत्येकाला पेटीवर हात ठेवायला लावत होते. पानं वाढली तरी गाणं चालूच, आणि इंजिन बंद. आमटीभात होईतो त्या बाईचा आवाज जाड होत गेला, मग घोगरा, मग ती रेड्यासारखी रेकली आणि थांबली. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा भात घेतला.

बॅटरी उतरली होती. भावानं आणि शेजाऱ्यांनी ढकलून गाडी चालू करून दिली. "घरी पोचेपर्यंत टेपला हात लावू नका, भावोजी," भाऊ म्हणाला. "पुलावर बंद पडली तर ढकलायला कोण येणार?"

हायवेला लागल्यापासून मी मनात गाणं निवडत होते. पुलाशी नेहमीसारखी रांग. हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले, दोनदा सुस्कारा टाकला, आणि शेवटी म्हणाले, "तू म्हण ना काहीतरी."

एवढ्यासाठी मी वर्षभर जळत होते. सावरून बसले आणि माझं सगळ्यात हातखंडा गाणं सुरू केलं. या वर्षात आपण एकही अख्खं गाणं म्हटलं नाही, हे मला दुसऱ्या ओळीवर कळलं. वरचा सूर लागेना. परत घेतला, तरी लागेना. जिथे पूर्वी सहज पोचायचे तिथे दम संपत होता. कडवं अर्धं टाकून मी ह्यांच्याकडे पाहिलं.

पूर्वी मी अडखळले की हे हसत, चिडवत, "हं, पहिल्यापासून सुरू कर" म्हणत. त्या दिवशी हसले नाहीत. "छान," म्हणाले, पाहुण्याघरचा बेचव चहा पिऊन म्हणतात तसं. आणि त्यांचा डावा हात आपसूक टेपच्या बटणाकडे गेला, बॅटरीची आठवण होऊन मधेच थांबला, आणि गिअरवर येऊन बसला.

त्या हाताचा मला अजून राग येतो. समोरचा ट्रक हलला आणि आम्ही पुढे सरकलो. मी पुन्हा त्या गाडीत गायले नाही, आणि ह्यांनीही कधी विचारलं नाही.