श्रावणात फ्रिजबाहेर

माझे थोरले साडू स्वस्थ बसलेले पाहिलेत, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत शोधून सापडायचा नाही. बदलापूरला शिरगावात त्यांचा फ्लॅट आहे, त्यात बऱ्यापैकी सोफा आहे, पण तो पाहुण्यांसाठी. ते स्वतः पोहे उभ्याने खातात, चहा येरझाऱ्या घालत पितात आणि टीव्हीवरच्या बातम्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकतात, म्हणजे निघायचं झालं तर उठण्यात वेळ जायला नको. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला आहेत. तिथली मशीनं म्हणे ते जवळून गेले तरी सुरू होतात. एकदा आमच्या घरी सत्यनारायणाला आले आणि कथा संपेपर्यंत त्यांनी आमचा गळका नळ, बाथरूमची कडी आणि शेजाऱ्यांची बेल दुरुस्त केली. प्रसाद मात्र जिन्यातच घेतला.

अशा माणसाला छंद जडावा तो कसला, तर ज्यात फोटो काढल्यावर पाव तास गप्प राहावं लागतं त्या झटपट कॅमेऱ्याचा. उल्हासनगरला त्यांचा एक सिंधी मित्र आहे, त्याचं कुल्फी-फालुद्याचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर पडलेला हा कॅमेरा यांनी मागून आणला. बटण दाबलं की कॅमेऱ्याच्या तोंडातून कागद बाहेर येतो आणि हळूहळू त्यावर चित्र उमटतं. एवढंच ऐकून आम्ही वा वा केली होती. पुढचं शास्त्र आम्हाला नंतर कळलं, आणि ते दर भेटीत कळत राहिलं. फिल्म फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या खणात नाही, तिथे आतलं रसायन गोठून मरतं. ठेवायची ती आडवी, वर वजन नको. वापरायच्या आधी बाहेर काढून तासभर तिला घरातल्या हवेवर येऊ द्यायचं. कागद बाहेर आला की लगेच उजेडापासून लपवायचा. उकाड्यात फोटो लालसर येतो, थंडीत निळसर. हे सगळं सांभाळायचं म्हणून ते फोटो काढायचेच टाळत. भाच्याच्या हळदीला डीजे चालू असताना त्यांनी नवरदेवाचा एक फोटो काढला, आणि नवरीच्या मामाने तो कागद हातात घेऊन वाळवल्यासारखा हलवला. साडूंनी मामांच्या हातातून तो असा काही हिसकावला, की दोन्ही घरांत काही बिनसलंय अशी बातमी मांडवाच्या पलीकडच्या टोकाला पोचली होती.

ताईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, फ्रिजमधला मधला कप्पा फिल्मसाठी सोडून दिला होता. खालच्या कप्प्यात बोंबील, वरच्यात दूध आणि मधे फिल्म, असा संसार सुखाने चालला होता. तो मोडला साडूंच्याच तोंडाने. त्यांची आई मूळची चामटोली गावची. शेती विकल्यावर ती मुलाकडे राहायला आली, पण शेतावरचा सगळा कडक कारभार सोबत घेऊन आली. एका वर्षी श्रावणाच्या पहिल्याच दिवशी, सगळे जेवत असताना, साडू उभ्याउभ्या तिला सांगू लागले की फोटोतले रंग कागदाला धरून राहतात ते जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन करतात जनावरांच्या हाडांपासून. आईचा घास हातातच राहिला.

"म्हंजे माझ्या दुधाजवल हाडं ठेवलीस तू?"

खालच्या कप्प्यात वर्षभर बोंबील असतात त्याचं काय, असं साडूंनी विचारून पाहिलं. ते श्रावनात नसतात, असं उत्तर मिळालं, आणि त्यात खोट काढायला काही जागाच नव्हती. त्याच संध्याकाळी फिल्मचे डबे घराबाहेर पडले आणि अंबरनाथला आमच्या फ्रिजमध्ये आले, कारण आमच्याकडे श्रावण फक्त सोमवारी पाळतात. तेव्हापासून दर श्रावणात त्यांची फिल्म आमच्याकडे मुक्कामाला येते आणि तिच्यामागून त्यांचे फोन येतात. फ्रिजचं दार नीट लागतं ना, कोणी त्यावर श्रीखंडाचा डबा ठेवला नाही ना, रात्री लाइट गेली होती का. माझ्या सासूबाईंनीही माझ्या बायकोची एवढी चौकशी कधी केली नसेल.

हा सगळा आटापिटा खरं तर एका फोटोसाठी होता. त्या जातीची फिल्म आता बनत नाही. असलेली एकेक करून संपली, आणि एक डबा मात्र त्यांनी कोणाच्या लग्नालाही फोडला नाही. तो आईसाठी होता. घरात आईचा धड फोटोच नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ती बँकेवर रागावल्यासारखी दिसते. मोबाइल समोर धरला की ती पदर तोंडावर घ्यायची. फोटो काढला की माणूस भिंतीवर चढतं आणि गळ्यात हार येतो, हे तिने चामटोलीत घरोघरी पाहिलं होतं, आणि तिला इतक्यात चढायचं नव्हतं. इकडे डब्यावरची मुदत कधीच उलटून गेली होती, आतलं रसायन दर वर्षी थोडं थोडं मरत होतं, आणि साडू फ्रिज उघडून त्या डब्याकडे बघत राहायचे. त्यांची तगमग नुसत्या स्वभावाची नाही, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या श्रावणाच्या तोंडावर मी फिल्म न्यायला शिरगावला गेलो होतो. साडू मला समजावत होते की हे फोटो भिंतीवर लावायचे नसतात, उजेडाने उडून जातात, काळोखातच ठेवावे लागतात. आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली.

"भितीला लावताच येत नाय?"

"नाही."

"मंग काढ. पन श्रावन सरल्यावर."

तो श्रावण साडूंनी कसा काढला ते मी पाहिलंय. मधेच आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. मी कळवायच्या आत ते दारात हजर, हातात स्टीलचा डबा आणि ओलं फडकं. आम्ही रिक्षाने थेट उल्हासनगर गाठलं. कुल्फीवाल्या मित्राने मोठ्या मनाने कुल्फीची पेटी उघडली, तर यांना ती फार थंड वाटली. शेवटी सरबताच्या बाटल्यांच्या काचेच्या फ्रिजमध्ये डबा ठेवला. मग हे तिथेच उभे राहिले. गिऱ्हाइकाने बाटली काढली की पुढे होऊन दार लावायचे, आणि लावताना गिऱ्हाइकाकडे असं बघायचे की एकाने बाटली परत ठेवली. "साईं, तू घर जा," तो मित्र हात जोडून म्हणाला. "तुझी अमानत मी सांभाळतो, पण माझा धंदा कोण सांभाळेल?"

पिठोरी अमावास्या उलटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे शिरगावला जमलो. आई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून गॅलरीत खुर्चीवर बसली होती. फिल्म हवेवर येईपर्यंत साडूंनी हॉलमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की खालच्या मजल्यावरचे विचारायला वर आले. पहिला कागद नुसता तपकिरी निघाला. दुसऱ्यावर पांढरा पट्टा आला, तिसरा अर्ध्यात अडकला. चौथा सरळ बाहेर आला, आणि त्यानंतर फिल्मच्या डब्यातच बसवलेली कॅमेऱ्याची बॅटरी गेली. कॅमेरा पुन्हा बोलला नाही. साडू कागद झाकायला काही शोधत होते, तेवढ्यात आईने तो त्यांच्या हातातून घेतला आणि पदराखाली पोटाशी धरला. पाव तास तिने तो तसाच धरून ठेवला. मग तिने आमच्याकडे पाठ केली, पदर थोडा उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

"कसा आलाय गं?" साडूंनी विचारलं.

"मी हाय त्याच्यात," ती म्हणाली.

साडूंनी हात पुढे केला. तिने फोटो पुन्हा पदराखाली घेतला, "उजेड लागंल," म्हणाली, आणि सरळ आत जाऊन आपल्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली ठेवून कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला असते. गणपतीत मागितला तरी दाखवला नाही, दिवाळीत मागितला तरी नाही. दर वेळी ती साडूंना त्यांचंच शास्त्र ऐकवते.

परवा मी त्यांना सुचवलं की आई आंघोळीला गेली की किल्ली खुंटीवर असते, तेवढ्यात बघून घ्या. एवढी वर्षं जिवाचं रान केलंत, निदान चेहरा तरी उमटलाय का ते कळेल. ते हळूच म्हणाले, "राहू दे. मला काही घाई नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं. त्या पेटीचं कुलूप आपल्याला कधी उघडावं लागणार आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तो फोटो जन्मात बघायला मिळाला नाही तरी चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलंय.